‘सेन्सर बाद आहे’ या तुमच्या तक्रारीवर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, त्यावरून वाद घालत नाही. तुमचं म्हणणं असं: 10 वॉटच्या अँप्लिफायरला आमच्याकडून भाड्याने नेलेला पॉवर मीटर 100 मिलिवॉट दाखवतो, सेन्सर बाद आहे, दोन दिवस वाया गेले आणि भाडं मात्र पुरतं घेतलं. 10 वॉट म्हणजे 40 डीबीएम, मीटरवर दिसले 20 (1 मिलिवॉट म्हणजे 0 डीबीएम, दर 10 डीबीला पॉवर दहापट). मधले 20 डीबी गेले कुठे, ते सामान परत आल्यावर मी स्वतः बेंचवर बसून शोधलं. त्यातले 10 आमचे आहेत.

मीटरमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाचा 20 डीबीचा ऑफसेट, म्हणजे मोजलेल्या आकड्यात मीटर आपणहून मिळवतो ती भर, तसाच राहिला होता. तुम्हाला अ‍ॅटेन्युएटर (सेन्सरआधी पॉवर कमी करणारा) दिला 30 डीबीचा. सेन्सरपर्यंत जेवढी पॉवर पोचायची, तिच्यात मीटर 30ऐवजी 20च मिळवत बसला. पाठवण्याआधी प्रीसेट मारणं, म्हणजे जुन्या सेटिंग्ज पुसणं, आमचं काम, ते झालं नाही. वर तुम्ही फोन केलात तेव्हा आमच्या मुलाने ‘झीरो करून बघा’ एवढंच सांगून ठेवून दिला, ते मला जास्त लागलं. झीरोने सेन्सरचं शून्य जागेवर येतं, ऑफसेट जिथल्या तिथे राहतो.

उरलेले 10 मात्र सेन्सरच्या माथी मारू नका. तुमची पल्स 10 मायक्रोसेकंदांची, दर 100 मायक्रोसेकंदांनी एक. हा सेन्सर थर्मोकपलचा. आत किती ऊब झाली एवढंच त्याला समजतं. पल्स कधी आली नि कधी गेली, त्याला पत्ता नसतो. पल्समध्ये 10 वॉट असतील तर सरासरी 1 वॉट, म्हणजे 30 डीबीएम. ऑफसेट बरोबर असता तर तुम्हाला 30 दिसले असते, आणि तेच खरं होतं. अँप्लिफायर उघडायची गरज नाही. ड्यूटी सायकल (पल्स चालू असते त्या वेळेचा वाटा) 10 टक्के भरली तर मीटर स्वतः हिशोब करून 40 दाखवतो, पण पल्स चौकोनी आणि ड्यूटी स्थिर असेल तरच. पल्सचा आकारच बघायचा असेल तर पीक सेन्सर न्यावा लागेल. त्याचं भाडं जास्त आहे, आधीच सांगतो.

सेन्सरची तपासणीही केली. अर्धा तास तापू दिला, आरएफ (सिग्नल) बंद ठेवून झीरो, 50 मेगाहर्ट्झच्या 1 मिलिवॉट रेफरन्सवर कॅल (कॅलिब्रेशन), मग तुमच्या 2.8 गिगाहर्ट्झवर दुसऱ्या सेन्सरशी ताडून पाहिला. फरक 0.05 डीबी. तुमच्याकडे असताना मीटरमधली फ्रीक्वेन्सी 50 मेगाहर्ट्झवरच राहिली होती, त्यामुळे कॅल फॅक्टर (त्या त्या फ्रीक्वेन्सीसाठी सेन्सरची दुरुस्ती) चुकीचा लागत होता हेही खरं, पण त्याने टक्का-दोन टक्के इकडेतिकडे होतं.

एक सांगायलाच हवं. सेन्सर जोडायच्या एन कनेक्टरची मधली पिन भिंगाखाली पाहिली, नव्यासारखी आहे. जोडताना पिन घासू नये म्हणून सेन्सर न फिरवता नट फिरवणारी गिऱ्हाइकं आमच्याकडे फार येत नाहीत.

20 पैकी 10 डीबी आमचे, म्हणून दोनपैकी एका दिवसाचं भाडं आज परत केलंय. (डीबीचा हिशोब असा सरळ होत नसतो, ठाऊक आहे.) यापुढे सामान देताना सिग्नल सलग आहे की पल्स, हे विचारूनच देऊ. अँप्लिफायर घेऊन भोसरीला या, चारनंतर बेंच मोकळा असतो. तुमच्यासमोर लावून दाखवतो, त्याचे पैसे नाहीत.