पुणे-कोलकाता अडीच तास, आणि पुढं विटा?

आज लग्नात एक पाहुणे दादाला सगळ्यांसमोर म्हणाले, "आता काय, कोलकात्यावरनं अडीच तासात घरी, मग सणावारालाबी येत न्हाईस व्हय?" दादा नुसता हसला. मला मात्र जेवण गेलं नाही.

अडीच तास कुठनं कुठं ते तरी बघा की. पुणे-कोलकाता हवाई अंतर सुमारे 1,580 किलोमीटर, ते पण नकाशावर सरळ रेघ ओढून. विमान ठरलेल्या हवाई मार्गानं जातं, उतरायला जागा नसली की वर घिरट्या घालतं, आणि उंचावरचा वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडनं असतो, म्हणजे जाताना पाठीशी आणि गावाकडं येताना समोरनं, त्यामुळं यायलाच जास्त वेळ लागतो.

आण्णा गेले तेव्हा दादा कोलकात्याच्या बडाबाजारात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, भट्टीवर होता. फोन आला तसा अंगावरच्या कपड्यानिशी निघाला. सकाळचं विमान मिळालं, वेळेत पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरला पण. भावकी म्हणाली थोरला येतोय, थांबायचं. आम्ही थांबलो, बर्फाच्या लाद्या बदलल्या, आत्या सारखी दारात जाऊन रस्ता बघत होती आणि दादाचा फोन, "खंबाटकीत कंटेनर बंद पडलाय, गाडी हलंना."

पुण्यापासनं आमचं सांगली जिल्ह्यातलं विटा गाव दोनशे किलोमीटरच्या आसपास. हडपसरचं ट्रॅफिक, घाट, हायवेची कामं, कराडवरनं आत वळायचं. तिकडं बडाबाजार ते दमदम विमानतळ वेगळंच, परत दोन तास आधी हजर. कुठल्या वेबसाईटवर हे धरतात?

मान्य आहे, पूर्वी हावड्याहून रेल्वेनं दीड दिवस जायचा, पुण्याला उतरून परत एसटी. विमानानं सोय झाली, नाही कोण म्हणतंय. पण सोय पुण्याची झाली हो, खानापूर-आटपाडीची नाही. आमच्या तालुक्यातली पोरं गलाईसाठी देशभर पसरलीत, त्यांच्या पैशावर गावात बंगले उठले, देवळं झाली, आणि सांगलीजवळच्या कवलापूरची धावपट्टी मात्र वर्षानुवर्षं नुसत्या मागणीतच. कोल्हापूरजवळ उजळाईवाडीला विमानतळ आहे, पण तिथं कोलकात्याचं थेट विमान नाही.

त्या दिवशी दिवस मावळायला आला तरी आम्ही थांबलो होतो. दादा आला, पाणी पाजलं, मग उचललं. पोचला एवढंच समाधान. पण सगळ्या रस्त्यानं त्याच्या जिवाचं काय झालं असंल ते त्या पाहुण्यांना कोण सांगणार.

पाहुण्यांवर आता राग नाही, वयस्कर माणूस आहे, मोबाईलवर दिसलं तेच बोलले. मला एवढंच पाहिजे की विटा-कराडवरनं थेट लोहगावला, विमानांच्या वेळा धरून गाड्या सुटाव्यात. गलाईवाल्या पोरांनो, खाली कमेंटमध्ये आपापला वेळ लिहा, दुकानाच्या शटरपासनं घराच्या उंबऱ्यापर्यंतचा. आमदारसाहेबांकडं निवेदन घेऊन जाताना सगळे सोबत जोडतो.