रीडबॅकला पोपटपंची म्हणण्याआधी

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नियंत्रकाची सूचना वैमानिकाने पुन्हा बोलून दाखवणं, म्हणजे रीडबॅक, ही पोपटपंची आहे, धावपट्टीवरच्या टकरी टाळायच्या तर रडार आणि दिवे हवेत, शब्दांचा कीस काढून काय होणार, असं तुम्ही म्हणता. दाखला टोकियोच्या हानेदा विमानतळावरच्या अपघाताचा दिलात. तो माझ्या लेखात यायलाच हवा होता.

२ जानेवारी २०२४. जपानी तटरक्षक दलाच्या विमानाला सूचना मिळाली: 'नंबर वन, होल्डिंग पॉइंट (धावपट्टीआधी थांबायची जागा) सी-५ पर्यंत जा.' रीडबॅक अचूक झाला. तरीही ते विमान धावपट्टीवर गेलं आणि उतरणारं एअरबस त्याच्यावर आदळलं. तटरक्षक दलाच्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा जीव गेला. एअरबसमधले सगळे ३७९ वाचले.

पण तुमचे दिवे तिथे होते हो! सी-५चे थांबा-दिवे दुरुस्तीसाठी बंद होते. धावपट्टीवर विमान शिरल्याचा इशारा नियंत्रकाच्या पडद्यावर उमटत होता, तो लक्षात आला नाही. उरला 'नंबर वन'. त्याचा अर्थ उड्डाणाच्या क्रमात पहिला, एवढाच. पण घाईत असलेल्या माणसाला तो 'निघा' असा ऐकू येऊ शकतो. अपघातानंतर लगेच जपानमध्ये हा क्रम सांगणं थांबवलं गेलं, ते उगाच नाही.

शब्दांचा कीस मी काढतो तो स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या अपघातामुळे. २७ मार्च १९७७, दाट धुकं, धावपट्टीवर केएलएम आणि पॅन अॅम या कंपन्यांच्या दोन बोइंग ७४७ची टक्कर, ५८३ मृत्यू. केएलएमला मिळाली होती ती फक्त उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी, पण तिच्यातही 'टेकऑफ' हा शब्द होता. सहवैमानिकाने ती परत म्हणताना शेवटी जोडलं, 'वी आर नाऊ अॅट टेकऑफ.' नियंत्रकाला वाटलं, उभे आहेत. विमान तर धावायला लागलं होतं. तो 'ओके' म्हणाला. पुढचं 'थांबा, मी सांगतो' आणि पॅन अॅमचं 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत' एकाच क्षणी बोललं गेलं आणि केएलएमच्या कानात नुसती शिट्टी वाजली. आज 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. इतर वेळी 'डिपार्चर'.

एक गोष्ट मात्र मान्य: रीडबॅक नीट ऐकणारा नसेल तर तो खरोखर पोपटपंचीच ठरतो. म्हणून माझा आग्रह वैमानिकाइतकाच नियंत्रकाच्या कानांसाठी आहे. आणि कॉकपिटमधल्या शंकेसाठीही. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने विमान धावत असताना विचारलं होतं, पॅन अॅम अजून बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाला, झालं. तो प्रश्न टॉवरला कोणी विचारलाच नाही.