एरिया तेवढाच आहे म्हणे

रिमोटवर उडणारी विमानं बनवायला फोमबोर्डच्या दहा शीट मागवल्या होत्या. पाच मिलिमीटर, दोन्ही बाजूंना पांढरा कागद, मध्ये फोम, साइज ए-वन, म्हणजे साधारण ५९ बाय ८४ सेंटिमीटर. काल पार्सल आलं ते डिलिव्हरीवाल्या पोराच्या काखेत. ए-वनचं पार्सल काखेत मावत नाही हो! तिथेच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

उघडलं तर दहाच्या दहा शीट मधोमध कापलेल्या. वीस तुकडे, एकावर एक नीट रचलेले, वर बबल रॅप, चारी कोपऱ्यांना पुठ्ठा आणि बाहेर लाल अक्षरांत 'नाजूक माल, जपून हाताळा'. आता काय जपायचंय त्यात, कपाळ? आणि कापलंय तरी धड? बोथट ब्लेडने खरवडून कापलंय. कडेचा फोम उकरलेला, कागदाच्या चिंध्या लोंबतायत. एका टोकाला ४१ सेंटिमीटर, दुसऱ्या टोकाला ४३. म्हणजे पट्टी लावायचेही कष्ट नाहीत. डोळ्यांच्या अंदाजाने, चहा पिता पिता कापलं असणार.

फोन लावला.

"साहेब, कुरियरवाला एवढी साइज घेत नव्हता. मग आम्हीच कापून दिल्या. कटिंगचा चार्ज नाही लावला हां."

"अहो, पण मला न विचारता?"

"एरिया तेवढाच आहे ना साहेब."

एरिया तेवढाच आहे! नऊवारी मधोमध टर्रकन फाडून "वार नऊच आहेत की वहिनी" म्हणणारा कापडवाला दुकानातून चालत बाहेर पडला असता का? पण आपण पडलो फोमबोर्डवाले. आपल्याला कुणीही काहीही ऐकवावं.

विमानाचा पंख एकाच अखंड शीटमधून दुमडायचा असतो, हे तुम्हाला काय सांगायचं. जगातले निम्मे प्लॅन २० बाय ३० इंचांच्या बोर्डावर बेतलेत, आणि त्यातली ३० इंचांची बाजूच या गृहस्थाने मारून टाकली. सगळा जोर त्या कागदात. कागद मध्ये तुटला की उरतो नुसता फोम, आणि फोमच्या भरवशावर मी साधी पतंगसुद्धा उडवणार नाही. त्याचं म्हणणं, जोड द्या! जोड येणार कुठे? बरोब्बर मध्यावर, जिथे सगळ्यात जास्त वाकतं तिथे.

मग मी गॅलरीत उभा राहून त्याला हिशोब ऐकवला. ताशी १५० किलोमीटरच्या वेगात ३० मीटर त्रिज्येचं वळण घेतलं की जवळजवळ सहा जी बसतात, म्हणजे वजन सहापट. माझं विमान सव्वापाचशे ग्रॅमचं. म्हणजे त्या क्षणी पंखावर तीन किलोंच्या वर वजन! आणि तुमची ती कापलेली कड तिथे काय टेपने धरून ठेवू? समोरच्या गॅलरीतल्या काकू कपडे वाळत घालायच्या थांबल्या. चिमटा हातात तसाच. मला वाटलं, चला, निदान याच्या डोक्यात तरी प्रकाश पडला असेल. तो अतिशय शांतपणे म्हणाला, "साहेब, शाळेच्या प्रोजेक्टला एवढं चालतं."

शाळेचा प्रोजेक्ट. हे एक माझ्या नशिबी कायमचं कोरलेलं आहे. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही काउंटरवर फोमबोर्ड मागा, पहिला प्रश्न, "कितवीत आहे मुलगा?" माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि बापाच्या विमानांची त्याला लाज वाटते. दुसरा प्रश्न, "सनबोर्ड चालेल ना?" नाही चालणार! एकदा घाईत एकाने बांधून दिला तो घरी आणला, तर पीव्हीसीचा. पाच मिलिमीटरची ए-वन शीट, किलोच्या वर वजन. त्याचं विमान नाही होत, त्याचा पाट होतो. पण दुकानदाराच्या लेखी पांढरं आणि चपटं ते सगळं एकच.

आणि विमानं बनवायचे ते अमेरिकन व्हिडिओ बघू नका, माझी शपथ आहे. तिकडे ओहायोत बसून हसत हसत सांगतात, कोपऱ्यावरच्या दुकानात जा, एक बोर्ड उचला. तो बोर्ड १२० ग्रॅमच्या आसपास, कागद ओला केला की सोलून निघतो. किंमत २०२१पर्यंत एक डॉलर होती, मग सव्वा डॉलर झाली तर केवढा गळा काढला लोकांनी! इथे तेवढ्याच आकाराचा तुकडा काट्यावर ठेवा, २००च्या पुढे जातो. कागद सोलायला जा, निम्मा फोम हातात येतो. आणि आम्ही त्याच प्लॅनवरून या जड बोर्डातून तेच विमान कापतो आणि मग विचारतो, आपलं एवढ्या वेगात का लँड होतं.

विषय निघालाच आहे तर ग्लू स्टिक, गरम करून चिकटवायच्या गोंदाच्या कांड्या. दोन पाकिटं, एकच रंग, एकच दुकान. एक कांडी लाकडालाही सोडत नाही, दुसरी थंडीतसुद्धा चिकट लाळेसारखी राहते. मे महिन्यात गाडीत अर्धा तास विमान ठेवलं की गोंद मऊ होऊन मोटर माउंट, म्हणजे मोटरची बैठक, मान टाकतो. परवा एका शहाण्याने मला ऐकवलं, "गाडी सावलीत लावायची ना." आम्ही उडवतो तो पडीक माळ आहे! सावली असती तर तिथे झाड असतं, आणि झाड असतं तर माझं विमान त्यातच असतं.

बॅटऱ्यांचं तर बोलायलाच नको. पंधराशे मिलिअँपियर-अवरची फोर-एस, म्हणजे चार सेलची, वर छापलंय १०० सी. म्हणजे क्षमतेच्या शंभरपट करंट, १५० अँपियर. कनेक्टर कुठला? एक्सटी-६०. नावातच साठ अँपियर आहेत रे बाबांनो. दीडशे कुठून काढणार, देव्हाऱ्यातून? अर्ध्या मिनिटाच्या फुल थ्रॉटलनंतर ती फुगते आणि विकणारा म्हणतो, "चार्जर चेक करा." नेहमी चार्जर. आणि निळे नऊ ग्रॅमवाले सर्व्हो, पंखाच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरी! सेंटरला परत येतात तेही मनात आलं तर. दात प्लास्टिकचे, ढिलाई जन्मजात. साध्या ग्लायडरला ठीक आहे. पण ताशी १२०च्या पुढे गेलं की एलेव्हॉन, पंखामागची हलती पट्टी, थरथरायला लागतो, तो आवाज, फर्रर्रर, ज्याने ऐकलाय त्याला माहितीय. त्यानंतर फक्त गोळा करायचं काम उरतं.

फेब्रुवारी २०२२मध्ये परदेशी ड्रोन आणायला बंदी आली, सुट्या भागांना नाही. आदेशात स्वच्छ लिहिलंय. पण माझ्या दोन मोटरी आणि मूठभर प्रॉप (पंखे) कस्टममध्ये पडून होते ते होतेच, कारण खोक्यावर कुठेतरी तो शब्द छापलेला. ड्रोन! माळावरही तेच. "ड्रोन आहे का काका? कॅमेरा कुठंय? लग्नाला येता का?" कागदाचं त्रिकोणी विमान आहे रे, बोंबलत जातं आणि बोंबलत येतं, याला लग्नात कोण नेणार! त्यातल्या त्यात शेतमालक मामा बरे. ते एकदाच म्हणाले, "ॲव्हरेज किती देतं?" आणि बांधावर बसून राहिले. शहरात कुठे उडवायचं म्हणाल, तर लोहगाव विमानतळ मध्यात ठेवून ड्रोनचा नकाशा उघडा. परवानगीशिवाय उडवता येत नाही तो लाल आणि पिवळा भाग वजा करून काय उरतं ते बघा, आणि जे उरतं तिथे रविवारी सहा क्रिकेटच्या मॅची चालू असतात.

शिवाय आमचे बाल्सावाले काका, हलक्या बाल्सा लाकडाचं विमान करणारे. ते येणार, हात मागे बांधून विमानाभोवती एक प्रदक्षिणा घालणार आणि म्हणणार, "फोम काय, कुणीही चिकटवतं." त्यांचं विमान तीन वर्षं बनतंय. इतकं सुबक आहे, की उडवायचा धीर होत नाही त्यांना. आणि त्यांच्या बरोबर उलट टोकाची ती पोरं, "काका, थ्रीडी प्रिंट का नाही करत?" कारण मी आपटतो, बाळा. आपटल्यावर मला संध्याकाळपर्यंत दुसरं हवं असतं, दोन दिवस प्रिंटरसमोर आरती नाही करायची.

तर एवढं सगळं मी काल रात्री बायकोला ऐकवलं. ती भाजी निवडत होती. शेवटी म्हणाली, "पुठ्ठ्याचे पैसे किती झाले?" आकडा सांगितला. ती काही बोलली नाही, फक्त माझी बीपीची गोळी पुढे सरकवली. त्या क्षणी जरा हवा गेली, हे कबूल. कारण खरं बघितलं तर मला एवढा वेग हवाय कशाला? कागदावर छान वाटतं. तेवीसशे केव्हीची मोटर, म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला तेवीसशे फेरे, फोर-एस, प्रॉपचा पिच साडेचार, म्हणजे एका फेऱ्यात साडेचार इंच पुढे, लोडखाली मिनिटाला २६,००० फेरे धरले तर पिच स्पीड, म्हणजे कागदावरचा वेग, ताशी १७८ किलोमीटर. इतक्यांदा लिहिलाय मी तो आकडा, की फ्रिजवर वाणसामानाच्या यादीतही सापडला. प्रत्यक्षात १५० म्हणजे सेकंदाला ४२ मीटर. पाच सेकंदांत ते २०० मीटरवर, आणि मला चाळिशीचा चष्मा. तिथून ते येतंय की जातंय हे मी ठरवत नाही, अंदाजाने रिमोटची काठी हलवतो आणि लोकांना वाटतं काय कंट्रोल आहे. बाल्सावाले काकासुद्धा एकदा "वा" म्हणाले. मी मान हलवली. काय सांगणार.

पण म्हणून शीट कापायची का? नाही! माझं विमान मी आपटीन, माझ्या हाताने, पूर्ण वेगात, अखंड शीटचं. तो माझा हक्क आहे. ते काम कटर घेऊन गोडाऊनमध्ये आधीच उरकून द्यायला याला कुणी सांगितलं होतं?

वीस तुकडे कपाटावर ठेवलेत. फेकवत नाहीत, हाही एक रोगच. शेपटीची रडरं होतील, उभे फिन होतील, सर्व्होखालच्या पट्ट्या होतील. आयुष्यभर पुरतील एवढे फिन आहेत माझ्याकडे आता, कुणाला हवे असतील तर घेऊन जा, तिरक्या कडेसकट.

आज सकाळी त्याचा मेसेज आला. आधी पाच स्टारची विनंती, हात जोडलेले. मग खाली: "सर, तुमची तक्रार वरती कळवली. रिप्लेसमेंट पाठवतोय. यावेळी एकही कट नाही, फुल साइज. गोल गुंडाळी करून ट्यूबमध्ये घालून देतो."