कात्री लावायची तर आयपीएलला लावा
पेपरची पानं घटली की तालुका-जिल्हा स्पर्धांचे निकाल आधी गाळावेत, कारण वाचकाला सगळं मोबाइलवर मिळतं, हे लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. मोबाइलवर आयपीएलचा स्कोअर चेंडूगणिक मिळतो. सकाळच्या पेपरात तो शिळाच असतो. आमच्या धाराशिवकडच्या शालेय खो-खोचा निकाल मात्र पेपरात आला नाही तर कुठेच सापडत नाही. इथलीच खो-खोपटू सारिका काळे हिला 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा सगळ्यांनी मोठे फोटो छापले. पण ती याच मैदानांवर घडली ना? इथल्या पोरी दोन ओळींची बातमीही कापून, लॅमिनेट करून प्रमाणपत्रांच्या फाइलीत लावतात. पोरीला खेळू द्यायला नाखूश असलेला बाप ते कात्रण पारावर चारचौघांना दाखवताना मी पाहिलाय. आयपीएलचं अर्धं पान कमी करा, त्या दोन ओळी राहू द्या.