भीमबेटकाची चित्रं १ लाख वर्षं जुनी? त्या फॉरवर्डबद्दल

दर दोन महिन्यांनी तोच मेसेज ग्रुपवर येतो: "भीमबेटकात १ लाख वर्षांपूर्वीची चित्रं आणि नवाश्मयुगीन हत्यारं सापडली, म्हणजे भारतात शेती तेव्हापासून. डॉ. वाकणकरांनी हे सिद्ध केलंय." भोपाळजवळची ही खडकातल्या निवाऱ्यांची नि गुहाचित्रांची जागा मला फार जवळची आहे म्हणून लिहितोय.

१) १ लाख वर्षं. माणूस तिथे त्याच्याही आधीपासून राहत होता, हे खरंय, पण राहणं वेगळं आणि चित्रं वेगळी. बहुतेक चित्रं मध्याश्मयुगातली (म्हणजे जुनं पुराश्मयुग नि नंतरचं नवाश्मयुग यांच्या मधल्या काळातली) नि त्यानंतरची मानली जातात. आणि साधं बघा ना, काही चित्रांत माणसं घोड्यावर बसलीयेत, हातात तलवारी-ढाली आहेत, मग ती लाख वर्षांपूर्वीची कशी असतील?

२) हत्यारं. खरा घोळ इथेच आहे. आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ वि. ना. मिश्र यांनी १९७०च्या दशकात तिथल्या एका निवाऱ्यात खोदलं, थर जवळपास चार मीटर जाड. तळाशी क्वार्टझाइट या कठीण दगडाच्या हातकुऱ्हाडी नि क्लीव्हर (रुंद, सरळ धारेची हत्यारं), म्हणजे दगडावर दगड आपटून छिलके काढलेली पुराश्मयुगीन हत्यारं, आणि वर येत येत बोटाच्या पेराएवढी बारीक पाती, जी लाकडात किंवा हाडात बसवून वापरायचे. जुनी आहेत ती ही तळाची हत्यारं, आणि ती नवाश्मयुगीन नाहीत. नवाश्मयुग म्हणजे शेती सुरू झाल्याचा काळ, आणि त्याची खूण म्हणजे घासून गुळगुळीत केलेली कुऱ्हाड, धार घासून घासून आणलेली, झाडं तोडायला उपयोगी. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तळाच्या थराचं वय उचललं नि भलत्याच युगाच्या नावाला चिकटवलं.

३) शेती. उपखंडातली सगळ्यात जुनी नीट अभ्यासलेली शेतीची वस्ती मेहरगढ, बलुचिस्तानात, साधारण ९ हजार वर्षांपूर्वीची मानली जात आलीये. भीमबेटकाच्या चित्रांत शिकार, नाच, मध काढणं भरपूर दिसतं, आणि हातकुऱ्हाडवाले लोक तर शिकार करून, कंदमुळं-फळं गोळा करूनच जगायचे.

४) वाकणकरांचं नाव. हे वाचून सगळ्यात जास्त वाईट वाटतं. पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर, जन्म नीमचचा, आपला मराठी माणूस, १९५७ मध्ये रेल्वेतून जाताना ते खडक दिसले नि पुढे तिथे जाऊन पोचले. एकावर एक काढलेली चित्रं बघून कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं हा क्रम लावण्यात त्यांनी वर्षं घालवली. हिरव्या रंगातली चित्रं त्यांनी सगळ्यात जुनी मानली, पुराश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्यातली, आणि तो टप्पासुद्धा लाख वर्षांपेक्षा बराच अलीकडचा आहे, शिवाय त्यावरही सगळ्यांचं एकमत नाही.

खरंच फार जुनं काही शेअर करायचं असेल तर तिथल्या ऑडिटोरियम गुहेतल्या खडकावर ठोकून केलेले वाटीसारखे खळगे आहेत त्यांचा फोटो टाका, काही संशोधक ते थेट हातकुऱ्हाडींच्या काळापर्यंत मागे नेतात, वाद आहे, पण तो वादसुद्धा सोबत लिहा.