श्रेयांक पुण्याहून आले, शिष्यवृत्ती मात्र तिथेच राहिली

आज संध्याकाळी माझी भाची कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमधून फोंड्याला उतरली, तेव्हा तिच्या हातात तीच निळी प्लास्टिकची फाइल होती आणि फायलीत शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा तोच अडकलेला अर्ज. महाविद्यालयाच्या खिडकीवरची ही तिची चौथी खेप होती.

पहिले वर्ष तिने पुण्यात केले. वडिलांना अर्धांगवायू झाल्यामुळे दुसऱ्या वर्षाला तिला घरी परतावे लागले. हौसेने कोणी मध्येच कॉलेज बदलत नाही. बारावीच्या गुणांवर तिला केंद्र सरकारची वर्षाला १२,००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळत होती. नूतनीकरणासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. तिची दोन्ही त्याहून अधिक आहेत. तरी जुने महाविद्यालय म्हणते, मुलगी आता आमची नाही, आणि नवे म्हणते, पहिले वर्ष आमच्याकडे झालेले नाही. मग ती नेमकी कोणाची?

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२१ साली श्रेयांकांची (अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या क्रेडिट्सची) बँक काढली. मिळवलेले श्रेयांक त्या खात्यात साधारणपणे सात वर्षे राहतात, विद्यार्थ्याने मध्ये शिक्षण सोडले, संस्था बदलली तरी चालते, असे आपल्याला सभांमधून कौतुकाने सांगितले गेले. तिचे श्रेयांक आलेही. पण बसभाडे, प्रवेशशुल्क आणि पुस्तके श्रेयांकांनी भागत नाहीत, हे त्या सभांमध्ये कोणाला सुचले नसावे. शिष्यवृत्तीची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात जमा होते. ती पुण्यातल्या बाकावर बसो वा फोंड्यातल्या, खाते तेच, मुलगी तीच, वडिलांचे उत्पन्न तर पूर्वीपेक्षाही कमी. तपासणी हवी, दोन ठिकाणांहून पैसे उचलणारेही असतात, हे मान्य. पण त्यासाठी दोन महाविद्यालयांनी एकमेकांना एक ईमेल करायचा, की एकोणीस वर्षांच्या मुलीने चार वेळा बस बदलून यायचे?

खिडकीतल्या बाईंवर माझा राग नाही, असे लिहिणार होते, पण आहे. 'पुढच्या आठवड्यात बघू' हे त्यांनी मान वर न करता सांगितले म्हणे.

आत्ता जेवताना भाचीने सांगितले की त्याच बाईंनी तिला आत बसवून चहा दिला आणि आपल्या मुलाचेही असेच झाले होते, असे सांगितले. वरचे वाक्य मी खोडत नाही, पण आता ते तितक्या जोरात वाचू नये. त्या बाईंनाही कोणी उत्तर दिले नसेल.

बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्याहून ज्यांच्या मुलांनी मध्येच गोव्यात प्रवेश घेतला आणि शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवून दाखवली, त्यांनी कोणता कागद कोणाकडून आणला ते कृपया खाली लिहावे. ट्रान्सफर आणि मायग्रेशन सर्टिफिकेट दोन्ही फायलीत आहेत. सोमवारी पाचवी खेप आहे. या वेळी मी बरोबर जाणार आहे.