मोठ्या बिळात पिल्लं जास्त? जरा भागाकार करून बघा

आपल्या खानापूर, येळ्ळूर भागातल्या ग्रुपांवर भात पोटरीला आलं की एक मेसेज फिरायला लागतोय. म्हणे, "उंदरांच्या माद्या एका बिळात जमून राहतात, एकमेकींची पिल्लं पाजतात, त्यामुळं जितक्या माद्या जास्त तितकी प्रत्येकीची पिल्लं जास्त जगतात. मोठी बिळं तेवढी खणा, एकटी बिळं सोडा." लोक खरं मानून तसं करायलेत, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे आपल्या बांधावर जास्त नुकसान करते ती घूस, आणि ती शेतात जमून राहतच नाही. साधारण एका बिळात एकच मोठी घूस, नाहीतर मादी आणि तिची पिल्लं. गोदामात दाटीनं राहते ती गोष्ट वेगळी, पण मेसेज शेताबद्दल आहे.

दुसरं, एकमेकींची पिल्लं पाजणं. हे खरंय, पण घरातल्या लहान उंदरांचं. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकजवळच्या एका कोठारात संशोधक बार्बरा क्योनिग आणि त्यांच्या टीमनं 2002 पासून बरीच वर्षं असे उंदीर अभ्यासले. दोन माद्या पिल्लं एकत्र ठेवतात आणि आपलं-परकं न बघता पाजतात. पण सोबत कोण आहे त्यावर सगळं अवलंबून, क्योनिग यांच्या प्रयोगात बहिणीसोबत राहिलेल्या माद्यांची आयुष्यभरातली पिल्लं अनोळखी मादीसोबत राहिलेल्यांपेक्षा जास्त निघाली. आणि एक गोष्ट मेसेजवाला सांगतच नाही, जी मादी अजून व्यायची आहे ती कधीकधी आधी व्यालेल्या मादीची नवी पिल्लं मारून टाकते.

आता मुख्य चूक, बिळातली एकूण पिल्लं आणि एका मादीच्या वाट्याची पिल्लं यांची सरमिसळ. समजा चार माद्यांच्या बिळात 20 पिल्लं वाचली आणि एकटीच्या बिळात 6, तर 20 डोळ्यात भरतात पण वाट्याला येतात 5च. चिलीमधल्या देगू नावाच्या उंदरांवर एबेन्सपर्गर आणि हेस या संशोधकांनी वर्षानुवर्षं हेच मोजलं. गटात माद्या वाढल्या की दर मादीमागं पिल्लं वाढत नाहीत, उलट कमी होतात, फक्त खाणं कमी असलेल्या वर्षांत हा तोटा थोडा कमी होतो. मग एकत्र राहतात कशाला? मोठ्या गटाला शिकारी लांबूनच कळतो आणि बीळ खणायचं कामही वाटून होतं. म्हणजे जमून राहण्याची कारणं आहेत, पण ती पिल्लांच्या संख्येतच शोधायची असं नाही.

काही ठिकाणी तर जमून राहणं म्हणजे धाकट्यांची वीणच थांबणं. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात 1962 पासून मार्मोटांचा (खारीच्या कुळातला, बिळात राहणारा मोठा प्राणी) अभ्यास चालू आहे, तिथं थोरल्या माद्या असल्या की तरुण माद्यांची वीण दबते. आफ्रिकेतल्या बिनकेसाच्या मोल-रॅटमध्ये (जमिनीखाली वसाहत करून राहणारा उंदरासारखा प्राणी) तर अख्ख्या वसाहतीत एकच राणी विते, बाकीच्या माद्या कामाला.

त्यामुळं "एकटी बिळं सोडा" हा सल्ला आपल्याला सगळ्यात महागात पडणारा आहे. बांधावर ताज्या मातीचा ढीग आणि मातीनं बुजवलेलं तोंड दिसलं की ते घुशीचं चालू बीळ समजा, आत एकटी मादी पिल्लं घेऊन असू शकते आणि भाताच्या लोंब्याही साठवलेल्या असतात. ते आधी धरा, आणि शेजारच्या बांधवाल्याला सोबत घेऊन एकाच वेळी करा, नाहीतर त्याच्या बांधावरची घूस मोकळ्या जागेत येऊन बसते.